पाहणी, नगरगाव

चार कोपरे आणि मधला एक ठिपका,
दर ठिकाणी वीस झाडं.
शंभरात किती, एवढंच विचारतं ऑफिस.

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही.
नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत, पेन्सिल केसांत,
कारण पेन इथे श्रावणात लिहीत नाही.
जळवांसाठी मिठाची पुरचुंडी.

उल्हास झर्मेकर पुढे चालतो.
खाणीवर टिप्पर चालवला अठरा वर्षं.
खाण बंद पडली तेव्हा मोरडीवर, काजूंच्या कडेला
अर्धा तुकडा मका घातला, अर्ध्यात सोयाबीन,
खात्याने फुकट वाटलेल्या पाकिटांमधलं.
गावात सोयाबीन कुणी खात नाही.
तोही नाही.

मका आधी.
पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा,
पान उलगडलं की एका रेषेत भोकं,
घडी घातलेल्या कागदाला मुलं कात्री लावतात तशी.
काडीने अळी बाहेर काढते, भिंग धरते.
शेपटाकडे चार ठिपके, चौकोनात.
डोक्यावर उलटा वाय.
तो वाकून बघतो.
"गंध उरफाटें लायलां गे हिणें."
शंभरात एकतीस.

मग सोयाबीन.
इथे मला भिंग लागत नाही.
मी औशाची. आमच्याकडं या दिवसांत
नजर जाईल तिथवर हेच एक हिरवं,
आणि रविवारी आई आम्हा भावंडांना ओळींत सोडायची:
मान टाकलेलं झाड दिसलं की खाली बघा,
देठावर दोन कड्या असतील, दातांनी कोरल्यासारख्या,
त्यांच्या खालून मोडा, पोत्यात टाका.
दोन कड्यांच्या मध्ये भुंग्याची मादी अंडं ठेवते.
खालून येणारं पाणी तिथंच अडतं.
वरचं सुकतं. खालचं काही दिवस
काहीच झालं नाही असं उभं.

लग्न होऊन वाळपईला आले त्याला अकरा वर्षं.
तांदळाचे सगळे रोग आता तोंडपाठ,
बांगड्याचं हुमण नवऱ्यापेक्षा बरं जमतं.
तरी या लाल चिखलात हे झाड दिसलं
आणि माहेरचं कुणी बसस्टँडवर भेटावं तसं झालं,
तेही आजारी.

उल्हास नखाने कडी चाचपतो.
"कोण घालता हीं कांकणां?"
सांगते.
तो बराच वेळ देठ सोडत नाही.

शंभरात बारा.
पानं पिवळी आहेत ती पाण्यानं, चर खणा.
कड्यांखालून मोडा, बांधावर टाकू नका, पुरा.
मक्याच्या पोंग्यात चिमूट चिमूट वाळू.
"चिमटीन?" तो हसतो.
एका खेपेला दहा टन माती नेलेला माणूस.

रकान्यात लिहिते, पिकाची स्थिती: मध्यम.
"मध्यम म्हळ्यार?"
म्हणजे मी परत येणार, म्हणते.

परत गेले ती चवथीला, त्याच्या बायकोनं बोलावलं म्हणून.
माटोळीत सुपारीचे घोस, कांगलां, तवशी,
रानातून आणलेली, मला नावं न येणारी फळं,
आणि त्यांच्यात मुळासकट एक सोयाबीन,
शेंगांवर तपकिरी लव, खाली धुतलेल्या गाठी.
कांकणं नसलेलं शोधण्यात यांनी सकाळ घालवली,
प्रतिमा सांगत होती. वातींना तूप लावत.
बाजूला मक्याची तीन कणसं.

आरती ऐन रंगात आलेली,
कणसाच्या मिशांतून एक अळी
सरळ खाली, पाटावर, मोदकांपासून वीतभर.
कपाळावर तेच उलटं गंध.
टाळ थांबले नाहीत.
उल्हासने ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेतली,
दार ढकलून पावसात गेला,
आणि यायला वेळ लावला.

सवयीने माझा हात केसांतल्या पेन्सिलीकडे गेला.
तिथे अबोली होती.